मसाज रोलर फिरवायचा कसा: पोटऱ्या आणि मांड्यांसाठी

हातात धरून फिरवायचे रोलर मुख्यतः दोन प्रकारचे. एक दांडीचा: मधल्या सळईवर प्लॅस्टिकचे मोठे मणी, दोन्ही टोकांना मुठी. दुसरा वाय आकाराचा, दोन पैलूदार गोळ्यांचा. चरबी यांतल्या कशानेही वितळत नाही. फिरवल्यावर त्वचा जरा वेळ तुकतुकीत, घट्ट दिसते, पण तो परिणाम टिकत नाही. आखडलेले स्नायू मात्र मोकळे होतात आणि मग व्यायाम नीट जमतो. खरा फायदा तोच.

दांडीचा रोलर तेल न लावता, पातळ लेगिंग्जवरून फिरवा. उघड्या पायावर केस मण्यांच्या फटीत अडकून ओढले जातात. आधी पोटरी घ्या. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीला टेकवा आणि पाय सैल सोडा. स्नायू ताठ असेल तर रोलर नुसता वरून सरकतो. घोट्याच्या वरून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत सावकाश 10–12 वेळा फिरवा, साधारण अर्धा ते एक मिनिट. एखादी जागा ठणकली तर तिथे 10–15 सेकंद दाब धरून पाऊल वर-खाली हलवा. श्वास रोखला जाऊ लागला की दाब जास्त झाला. काळंनिळं पडतं ते त्यामुळेच.

मांडीसाठी खुर्चीच्या कडेला सरका, पाय पुढे सोडा, टाच टेकवा. पुढची आणि बाहेरची बाजू फिरवा. आतली बाजू नाजूक असते, तिथे हात हलका. नडगी, गुडघ्याची वाटी आणि गुडघ्यामागची लवण पूर्ण टाळा.

वायच्या रोलरला त्वचेवर चार-पाच थेंब तेल पुरतं. एका दिशेने तो त्वचा चिमटीत धरून उचलतो, उलट फिरवला की नुसता दाबतो. कोणती बाजू काय करते ते आधी हातावर पाहून घ्या.

फुगलेल्या निळ्या शिरा, पायाला बधिरपणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोलर नको. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, दुखू लागला तर चोळू नका; रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

रोलर ठेवल्यावर लगेच टाचा उचलण्याचे 15 आणि खुर्चीवरून उठ-बस करण्याचे 10 फेरे करा. पायांना बांधा यातून येतो.