ग्रोथ हॉर्मोनवर रिसर्च करायचाय? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

बीएस्सी बायोटेक नाहीतर लाइफ सायन्स झालेली पोरं हमखास विचारतात, दादा हॉर्मोन आणि मेटाबॉलिझममध्ये रिसर्च करायचाय, कोर्स कुठला करू? कोर्सचं सांगतोच, पण त्याआधी जॉन कोपचिक या शास्त्रज्ञाचं काम बघा, कारण या फील्डमध्ये करिअर कसं उभं राहतं ते त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या माहितीपत्रकातून कळत नाही.

कोपचिक अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीचे. उंदरात जास्तीचा ग्रोथ हॉर्मोनचा जीन घातला की उंदीर मोठा होतो हे 1982 पासून माहीत होतं. यांच्या लॅबने गायीच्या ग्रोथ हॉर्मोनमध्ये एका ठिकाणी, 119 नंबरच्या ग्लायसिन या अमिनो आम्लापाशी, बदल केला आणि तो जीन उंदरात घातला तर उंदीर निघाले बुटके! आता इथे कुणीही म्हणेल प्रयोग फसला, नवीन बॅच लावू. यांनी विचारलं, बुटके का? तर कळलं की बदललेलं हॉर्मोन रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या हॉर्मोन पकडणाऱ्या प्रोटीनला, जाऊन चिकटतं पण पुढचा सिग्नल देतच नाही, म्हणजे खऱ्या हॉर्मोनची जागा अडवून बसतं. यातूनच पुढे पेगव्हिसोमंट हे औषध आलं, 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, अ‍ॅक्रोमेगालीसाठी, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे हॉर्मोन जास्त सुटून हात-पाय-जबडा वाढत जातो ना, त्यासाठी.

म्हणून पहिलं काम, लॅब नोटबुक. विचित्र वाटलेला प्रत्येक रिझल्ट तारीख टाकून लिहा, खोडू नका, आणि गाईडला त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, ग्रोथ हॉर्मोन म्हणजे फक्त उंची असं डोक्यातून काढून टाका, मेटाबॉलिझमची खरी मजा तर पुढेच आहे. ते चरबी वितळवतं आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे अ‍ॅक्रोमेगालीच्या पेशंटना डायबेटिस बऱ्याचदा होतो. अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांनी दाखवलं होतं की स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्युटरीही काढली तर त्याचा डायबेटिस सौम्य होतो, या कामाला 1947 चं नोबेल मिळालं. आणि कोपचिकच्या लॅबने 1997 मध्ये ग्रोथ हॉर्मोनचा रिसेप्टरच नसलेला उंदीर बनवला, तो लहानखुरा, अंगाने गुबगुबीत, तरी इन्सुलिनला छान प्रतिसाद देणारा, आणि आयुष्य लांब! त्यातला एक उंदीर आंद्रे बार्टके या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये पाच वर्षांना जेमतेम आठवडा कमी इतका जगला, साधा उंदीर दोन-तीन वर्षंच जगतो. माणसातही असं आहे, इक्वाडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम, म्हणजे जन्मतः हाच रिसेप्टर बिघडलेला, असलेल्या बुटक्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, 2011 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात त्यांच्यात डायबेटिस सापडला नाही आणि कॅन्सर अगदी क्वचित. मला विचाराल तर गुबगुबीत असूनही डायबेटिस नाही हे असं का, यावर अख्खी पीएचडी होते.

आता सॅम्पलबद्दल, इथे नवीन पोरं सगळ्यात जास्त अडकतात. ग्रोथ हॉर्मोन दिवसभर एकसारखं नसतं, ठोक्याठोक्याने सुटतं, रात्री गाढ झोपेत मोठा ठोका, त्यामुळे मधेच कधीतरी रक्त घेऊन आलेल्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून आयजीएफ-1, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृतात बनणारं हॉर्मोन, मोजतात, ते बऱ्यापैकी स्थिर असतं. उपाशी ठेवलं की माणसात ग्रोथ हॉर्मोन वाढतं आणि रॅटमध्ये उलट कमी होतं, तेव्हा प्राण्यातला रिझल्ट उचलून थेट माणसाला लावू नका. सॅम्पलची वेळ, उपाशी किती तास, नर की मादी, हे तिन्ही ट्यूबवरच लिहायची सवय लावा. मी एकदा वेळ लिहायची विसरलो आणि महिन्याभराचं काम पुन्हा करावं लागलं, अजून आठवलं की पोटात कालवतं.

मार्ग म्हणाल तर एमएस्सी बायोकेमिस्ट्री किंवा लाइफ सायन्स, मग सीएसआयआर-यूजीसी नेट नाहीतर आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) परीक्षा, फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 आहे. डॉक्टर असाल तर एमडीनंतर डीएम एंडोक्रायनॉलॉजी, पेशंट समोर असल्याने प्रश्न आपोआप सुचतात.

आणि प्रश्न शोधायला ओहायोलाच जायला पाहिजे असं नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडची 3.5 किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. आपल्याकडे सडपातळ माणसालाही डायबेटिस का होतो याचा एक धागा तिथून सुरू होतो.

गाईडला मेल करताना "मला तुमच्या फील्डमध्ये इंटरेस्ट आहे" एवढंच लिहू नका. त्यांचे अलीकडचे दोन पेपर नीट वाचा, त्यातला न पटलेला किंवा अर्धवट वाटलेला एक आलेख निवडा आणि त्यावर चार ओळींत तुमचा प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा पाठवा.