प्रथिन आपला आरएनए कसा ओळखते? खरी रचना उघडून स्वतः कसे वाचावे

पेशीत एकाच वेळी हजारो प्रकारचे आरएनए असतात. त्यांना धरणारी प्रथिने बनवणारी जनुके माणसात सुमारे १,५०० आहेत. या गर्दीतून प्रत्येक प्रथिन नेमका आपलाच आरएनए कसा शोधते, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आणि एका रंगीत चित्रात उरकलेले असते. त्या चित्रावरून हाती काहीच लागत नाही. खरी रचना उघडून अक्षर न् अक्षर वाचले की मात्र गोष्ट लख्ख कळते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बारावीचे जीवशास्त्र आठवत असेल, हाताशी लॅपटॉप आणि कागद-पेन्सिल असेल, तर एवढे पुरते.

पहिली पायरी : प्रथिन नीट निवडा

आरएनए पकडण्याचे काम सहसा अख्खे प्रथिन करत नाही. त्याचा एक स्वतंत्र घडी पडलेला भाग ते करतो, त्याला डोमेन म्हणतात. सर्वाधिक आढळणारे डोमेन म्हणजे आरआरएम (आरएनए रेकग्निशन मोटिफ), साधारण ९० अमिनो आम्लांचे. पुस्तके त्यापासूनच सुरुवात करतात. माझा सल्ला मात्र वेगळा आहे : सुरुवात पुमिलिओ या प्रथिनापासून करा. आरआरएममध्ये प्रत्येक प्रथिनाची तऱ्हा निराळी असते, त्यामुळे नवख्याला नियम सापडत नाही. पुमिलिओमध्ये नियम समोर मांडून ठेवल्यासारखा आहे.

हे प्रथिन फळमाशीत सापडले. माणसात त्याची दोन भावंडे आहेत, पुमिलिओ-१ आणि पुमिलिओ-२. त्यांच्या डोमेनमध्ये जवळपास सारखेच आठ तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक तुकडा साधारण ३६ अमिनो आम्लांचा असतो आणि आरएनएचे एक अक्षर, म्हणजे ए, यू, जी, सी यांपैकी एक बेस, वाचतो.

दुसरी पायरी : रचना उघडा

प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या खुल्या संग्रहाच्या संकेतस्थळावर जा आणि शोधपट्टीत रोमन लिपीत १एम८वाय हा चार अक्षरी क्रमांक टाका. मानवी पुमिलिओ-१ चे डोमेन आरएनएला धरून बसलेले आहे, त्याची ही स्फटिक-रचना. ट्रेसी टानाका हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. पानावरच त्रिमितीय दृश्याचा पर्याय आहे. तो निवडला की मोलस्टार नावाचा दर्शक ब्राउझरमध्येच उघडतो, काहीही डाउनलोड करावे लागत नाही.

आधी नुसते फिरवून पाहा. चंद्रकोरीसारखा वळलेला आकार दिसेल आणि कोरीच्या आतल्या बाजूने आरएनएचा धागा गेलेला दिसेल. आता धाग्याचा कणा कुठे आहे आणि बेस कुठे आहेत, ते बघा. साखर-फॉस्फेटचा कणा बाहेर आहे, बेस प्रथिनाकडे वळलेले आहेत. सगळ्या आरएनएचा कणा सारखाच असतो, फरक असतो तो बेसमध्ये. ज्याला अक्षरे वाचायची आहेत, त्याला बेसपर्यंत पोचावेच लागते.

तिसरी पायरी : एका अक्षरापाशी थांबा

दर्शकाच्या वर अक्षरांची पट्टी असते. तिथल्या यादीतून आरएनएची साखळी निवडा आणि यू-जी-यू-ए हा क्रम शोधा. त्यातल्या जी वर क्लिक करा. दर्शक तेवढा भाग जवळ आणतो, भोवतालची अमिनो आम्ले काड्यांच्या रूपात दाखवतो आणि हायड्रोजन बंध तुटक रेषांनी काढतो.

या जीभोवती तीन अमिनो आम्ले शोधा : सेरीन १०७९, अॅस्पॅराजिन १०८० आणि ग्लुटामेट १०८३. ही तिन्ही सातव्या तुकड्यातली आहेत. त्यातले ग्लुटामेट जरा निरखून पाहा. त्याच्या टोकाला ऋण भार असलेले दोन ऑक्सिजन आहेत आणि त्यांना हायड्रोजन हवा असतो. जीच्या समोरच्या कडेला शेजारी-शेजारी दोन नायट्रोजन आहेत आणि दोघांकडेही द्यायला हायड्रोजन आहे. घेणारे दोन, देणारे दोन, त्यामुळे जोडी चपखल बसते. तिथे यू आणून ठेवला तर त्याच्या कडेला एकाच नायट्रोजनवर हायड्रोजन आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. ग्लुटामेटच्या ऑक्सिजनसमोर यूचा ऑक्सिजन आला की ते एकमेकांना दूर लोटतात.

आता पुढच्या यूवर या. तिथे सहाव्या तुकड्यातले अॅस्पॅराजिन १०४३ आणि ग्लुटामिन १०४७ भेटतील. या दोन्ही अमिनो आम्लांच्या टोकाला एक देणारा गट असतो आणि एक घेणारा, त्यामुळे यूच्या मिश्र कडेशी त्यांचे जुळते. त्यांच्या मधोमध टायरोसीन १०४४ आहे. त्याचे सपाट वलय बेसच्या सपाट अंगावर टेकलेले दिसेल. धाग्याच्या कडेने पाहिले तर बेस आणि अशी अमिनो आम्ले पोळ्यांच्या चवडीसारखी एकावर एक रचलेली दिसतात. बेस जागेवर धरून ठेवण्याचे काम ही चवड करते, तर अक्षर कोणते ते मुख्यतः हायड्रोजन बंध ठरवतात. ओळखण्याची ही दोन कामे डोळ्यांसमोर वेगळी दिसली, की पुढचे सगळे सोपे होते.

चौथी पायरी : नियम कागदावर मांडा

प्रत्येक तुकड्यातल्या १२ व्या आणि १६ व्या जागेकडे बघा (सातव्या तुकड्यात १०७९ ही १२ वी जागा आणि १०८३ ही १६ वी). तिथे अॅस्पॅराजिन आणि ग्लुटामिन असतील तर यू. सिस्टीन किंवा सेरीन आणि ग्लुटामिन असतील तर ए. सेरीन आणि ग्लुटामेट असतील तर जी. १३ वी जागा चवडीसाठी.

इथे बहुतेकांची गफलत होते ती दिशेची. आरएनए आणि प्रथिन एकमेकांच्या उलट दिशेने धावतात. म्हणजे आठवा तुकडा पहिले अक्षर वाचतो आणि पहिला तुकडा आठवे. त्यामुळे तुकडे शेवटाकडून मांडत जा. मानवी पुमिलिओ-१ साठी उत्तर येते : यू-जी-यू-ए, मग कुठलेही एक अक्षर, मग ए-यू-ए. पाचव्या जागी चौथा तुकडा येतो आणि तो अक्षराबाबत चोखंदळ नाही.

नियम खरा आहे की नुसता योगायोग, हेही तपासले गेले आहे. हॉल यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये सहाव्या तुकड्यातली १०४३ आणि १०४७ ही दोन अमिनो आम्ले बदलून तिथे सेरीन आणि ग्लुटामेट बसवले. तो तुकडा यू सोडून जी वाचू लागला. सी वाचणारा तुकडा मात्र निसर्गातून हाती आला नव्हता. २०११ मध्ये संशोधकांनी १६ व्या जागी आर्जिनीन बसवून तो घडवला, आणि मग चारही अक्षरे वाचता येऊ लागली. या विषयातला मला सर्वांत आवडणारा निकाल हाच, कारण वाचता येणे आणि लिहिता येणे यांतले अंतर इथे मिटले.

पाचवी पायरी : दुसऱ्या डोमेनशी ताडून पाहा

पुमिलिओ समजला की १यूआरएन ही रचना उघडा. हे यू१ए प्रथिनाचे आरआरएम आहे आणि त्याने आरएनएच्या केसपिनेसारख्या वळणाचा फासा धरला आहे. कियोशी नागाई यांच्या केंब्रिजमधील गटाने १९९४ मध्ये ही रचना मांडली. इथे तुकड्यांची रांग नाही, चार पट्ट्यांचा सपाट पृष्ठभाग आहे. त्यावर टायरोसीन १३ आणि फेनिलॅलॅनिन ५६ शोधा. दोन्हींवर एकेक बेस टेकलेला आहे, म्हणजे चवड इथेही आहे. पण हे प्रथिन अक्षरांसोबत फाशाचा आकारही बघते.

सगळी डोमेने अक्षरेच वाचतात असेही नाही. दुहेरी आरएनए धरणारे डोमेन मुख्यतः पिळाचा आकार आणि साखरेवरचे हायड्रॉक्सिल गट चाचपते. हे गट डीएनएत नसतात, म्हणून डीएनएचा पीळ त्याला चालत नाही.

अल्फाफोल्ड या संगणकाने भाकीत केलेल्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहात यातली बरीच प्रथिने मिळतील, पण तिथे प्रथिन एकटे असते, आरएनएशिवाय. घडी बघायला ते ठीक आहे, संपर्क मोजायला प्रयोगातून आलेली रचनाच घ्या.

सहावी पायरी : पेशीत शिरा

पुमिलिओच्या आठ अक्षरांपैकी सात ठरलेली आहेत. चार अक्षरांतून सात जागा भरायच्या, म्हणजे केवळ योगायोगाने हा क्रम सरासरी १६,३८४ अक्षरांमागे एकदा येणारच. पेशीतल्या सगळ्या संदेशवाहक आरएनएंची लांबी लक्षात घेतली तर असे हजारो योगायोग निघतील. म्हणून क्रम सापडला की लगेच 'लक्ष्य मिळाले' असे म्हणू नका.

आधी बघा, जागा उघडी आहे का. पुमिलिओला एकेरी धागा लागतो. व्हिएन्ना विद्यापीठाचे आरएनएफोल्ड हे मोफत साधन तुमचा क्रम दुमडून दाखवते. जागा दुहेरी भागात अडकलेली दिसली तर शंका घ्या, पण निकाल लावू नका. पी२७ जनुकाच्या आरएनएत पुमिलिओची जागा आणि मायक्रोआरएनए-२२१ (संदेशवाहक आरएनएला दाबणारा एक छोटा आरएनए) याची जागा एकमेकींशी जुळून बसलेल्या असतात. पुमिलिओ-१ तिथे बसला की घडी उलगडते आणि मायक्रोआरएनएला वाट मिळते, असे २०१० मध्ये दाखवले गेले.

मग बघा, सोबतीला कोण आहे. फळमाशीच्या गर्भात पुमिलिओ सगळीकडे असतो, पण हंचबॅक या जनुकाचा आरएनए फक्त मागच्या टोकाला दाबला जातो, कारण नॅनोस हे दुसरे प्रथिन तिथेच असते. नॅनोस पुमिलिओला बिलगतो, शेजारची अक्षरे स्वतः धरतो आणि पकड घट्ट करतो. एकट्या पुमिलिओवरून काढलेला नियम हे सांगू शकत नाही.

शेवटी प्रत्यक्ष पुरावा शोधा. जिवंत पेशींवर २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण टाकले की प्रथिन आणि त्याने धरलेला आरएनए जागच्या जागी सांधले जातात. मग प्रतिपिंडाने ते प्रथिन बाहेर ओढून आरएनएचा क्रम वाचतात. ही क्लिप पद्धत २००३ ची. तिच्याच एका सुधारित रूपाने २०१० मध्ये पुमिलिओ-२ चे लक्ष्य तपासले गेले आणि तुम्ही कागदावर काढलेलाच क्रम समोर आला. एनकोड प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अशा दीडशेच्या आसपास प्रथिनांची माहिती खुली आहे. तुमच्या जनुकाचे नाव टाका आणि सापडलेल्या जागेवर शिखर, म्हणजे वाचलेल्या आरएनए तुकड्यांची दाटी, दिसते का ते बघा. दिसले नाही, तर जागा खोटी ठरवण्याआधी एवढे पाहा : तो प्रयोग कोणत्या पेशींवर झाला होता आणि तुमचे जनुक त्या पेशींत मुळात चालू असते का. जनुकच बंद असेल तर तिथे शिखर दिसणारच नाही. अशा वेळी ज्या पेशींत ते चालू असते, त्यांवरची माहिती शोधा.