उन्हाची सवय इथे कामी येत नाही: हॉट योगाच्या पहिल्या वर्गाआधी या चुका टाळा

माझं बालपण नागपुरात गेलं. मे महिन्यात पारा 45 ला टेकला तरी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकल काढायची. शाळेत सूर्यनमस्कार, घरी आजीबरोबर आसनं. त्यामुळे टोरांटोत ऐन जानेवारीत मैत्रीण हॉट योगाला, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीतल्या योगवर्गाला, घेऊन गेली, तेव्हा याची काही वेगळी तयारी करावी लागते हे मनातच आलं नाही. विसाव्या मिनिटाला पुढे वाकून वर उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मैत्रिणीने धरून खाली बसवलं म्हणून डोकं आपटलं नाही. आता मी नियमित जाते, आणि नव्याने येणारे आपले लोक नेमक्या त्याच भरवशावर आत शिरताना दिसतात: ऊन पाहिलंय, योग येतो, मग भीती कसली?

‘आम्हाला उकाड्याचं काय!’

सगळ्यात मोठी चूक हीच. हवा त्वचेपेक्षा गरम असली की शरीराला थंड व्हायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळणं. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, वारा असतो, घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. हॉट योगाच्या खोलीत दारं बंद, वारा नाही, हवेत मुद्दाम दमटपणा ठेवलेला आणि त्यात वीस-पंचवीस जणांच्या श्वासाची नि घामाची भर. घाम नुसता टपकत राहतो. टपकलेल्या घामाने अंग थंड होत नाही, वाळलेल्या घामाने होतं. मुंबईकरांना दमटपणा ठाऊक असतो, पण मुंबईचा तो उकाडा 40 अंशांवर नेऊन त्यात दीड तास व्यायाम केल्याची कल्पना करा.

दुसरं म्हणजे उष्णतेची सवय शरीरात कायमची मुरत नाही. ती लागायला साधारण 7 ते 14 दिवस जातात आणि सुटली की काही आठवड्यांत मावळते. परदेशात हिवाळा काढलेल्या माणसाचं, किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्या पुणेकराचंही, लहानपणचं ऊन त्या खोलीत मदतीला येत नाही.

न विचारता नाव नोंदवणं

हॉट योगा या एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे वर्ग चालतात. मूळ प्रकार बिक्रम चौधुरी यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय केला. ते स्वतः कोलकात्याचे, योगशिक्षक बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. 26 आसनं, 2 श्वसनप्रकार, 90 मिनिटं, तापमान 40 अंशांच्या किंचित वर आणि आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास. हा क्रम ही आपली मालमत्ता आहे, असा त्यांचा दावा होता. 2015 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने या आसनक्रमाला कॉपीराइट लागू होत नाही असा निकाल दिला. आज कुठे हाच क्रम चालतो, कुठे 35 अंशांत तासाभराचा वेगवान वर्ग असतो, तर कुठे हीटरऐवजी इन्फ्रारेड पॅनल असतात. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: तापमान किती, आर्द्रता किती, वेळ किती. पहिल्यांदा जाताना कमी तापमानाचा, तासाभराचा वर्ग मिळाला तर तोच घ्या.

गरोदर असाल, हृदयविकार किंवा अपस्मार असेल, उष्माघात होऊन गेला असेल किंवा नुकताच ताप, जुलाब झाले असतील तर पहिला वर्ग या खोलीत नकोच. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी घामावर, पाण्याच्या प्रमाणावर किंवा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊच नये, कारण उष्णतेत टोचलेलं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक खाली येऊ शकते.

दारात उभं राहून बाटलीभर पाणी पिणं

पाणी हे त्या दिवसाचं काम आहे, शेवटच्या पाच मिनिटांचं नाही. सकाळपासून थोडं थोडं पीत राहा, वर्गाच्या दोन तास आधी अर्धा लिटर, मग फक्त घोट घोट. लघवी फिकट पिवळी असली की समजायचं, जमलं. ऐनवेळी ढसाढसा प्यायलेलं पाणी पोटात डुचमळतं आणि पोटावर झोपून करायच्या आसनांत मळमळ होते.

नुसतं पाणीही पुरत नाही. घामाबरोबर मीठ जातं, आणि मीठ न घेता लिटरच्या लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून अजून पाणी पितो. यावर उपाय आपल्या घरातच आहेत: मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत, वर्गानंतर मीठ-जिरं घातलेलं ताक. खूपच घाम जात असेल तर जलसंजीवनीची पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच.

खाण्याचं म्हणाल तर भरपेट जेवण आणि वर्ग यांत तीन तास हवेत. पण रिकाम्या पोटी जाणं हीसुद्धा तेवढीच चूक. एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपास आणि पहिला हॉट योगा एकाच दिवशी ठेवू नका, हे मी कळकळीने सांगते. दीड तास आधी एक केळं किंवा वाटीभर मऊ भात पुरतो.

सुती कपडे

उन्हात सुती घालायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं. इथे मात्र सुती टीशर्ट दहा मिनिटांत घामाने जड होऊन अंगाला चिकटतो. पातळ, लगेच वाळणारे, अंगासरशी बसणारे खेळाचे कपडे घाला. अंगाला तेल, क्रीम काही लावू नका, एका पायावर उभं राहून दुसरा पाय हातात धरायचा असतो आणि तो निसटतो. बांगड्या, साखळी, मंगळसूत्र शक्य असेल तर घरी काढून ठेवा. नुसती मॅट घामाने निसरडी होते, म्हणून तिच्यावर पूर्ण लांबीचा टॉवेल हवा. मी अजून आईने पाठवलेला सोलापुरी टॉवेल अंथरते, तो घाम चांगला पितो आणि जागचा हलत नाही.

‘आज किती लवचिक झालेय मी!’

ही चूक दुसऱ्या दिवशी कळते. उष्णतेने स्नायू सैल पडतात, ताण जाणवणं कमी होतं, आणि एरवी गुडघ्यापर्यंत जाणारे हात घोट्यापर्यंत पोहोचतात. स्नायू त्यातून सावरतात, पण सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध एकदा अति ताणले गेले की सहज पूर्ववत होत नाहीत. बैठकीच्या हाडाखाली, मांडी जिथे सुरू होते तिथे, दुसऱ्या दिवशी बोचरी कळ येत असेल तर तुम्ही पुढे वाकताना हद्द ओलांडली आहे. पहिल्या वर्गात एरवी जेवढं वाकता त्याच्या थोडं अलीकडेच थांबा. या वर्गांत ‘गुडघा लॉक करा’ अशी सूचना नेहमी ऐकू येते. तिचा अर्थ गुडघा मागे ढकलणं असा घेऊ नका. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करा आणि गुडघा अगदी किंचित मोकळा ठेवा.

अंधारी आली तर

उष्णतेत त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे जातं, आणि वाकलेल्या स्थितीतून झटकन उठलं की मेंदूला क्षणभर कमी पडतं. म्हणून उठताना डोकं सगळ्यात शेवटी वर आणा. गरगरलं तर लगेच खाली बसा किंवा झोपा, पाय मांडी घालून नव्हे तर लांब सोडून. एकटीने धडपडत बाहेर पळू नका, लोक बाहेरच्या पॅसेजमध्येच कोसळतात. मागच्या ओळीत, दाराजवळ जागा घ्या आणि पहिलाच दिवस असल्याचं शिक्षकांना आधी सांगून ठेवा. दोन-चार मिनिटांत बरं वाटलं नाही तर कुणाला तरी सोबत घेऊन बाहेर या. ‘खोली सोडायची नाही’ असा नियम काही ठिकाणी सांगतात. पहिल्या वर्गात मलाही तेच सांगण्यात आलं होतं. तब्येतीपुढे हा नियम पाळायचा नाही.

शेजारचं कुणी असंबद्ध बोलू लागलं, उलट्या झाल्या, शुद्ध हरपली किंवा अंग तापलेलं असून घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. त्यांना थंड जागी न्या, ओले टॉवेल अंगभर लावा, पंखा सुरू करा आणि महाराष्ट्रात असाल तर 108 ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

वर्ग संपल्यावर

काटा खाली आला म्हणून हुरळून जाऊ नका. किलोभर घटलं तर ते जवळपास लिटरभर पाणी आहे, आणि ते पुढच्या काही तासांत सरबत, ताक, वरणभात यांतून परत अंगात जायला हवं. लगेच गाडी चालवायला बसू नका, दहा-पंधरा मिनिटं बाहेर बसून घाम जिरू द्या. टोरांटोसारख्या ठिकाणी ओल्या कपड्यांवर जॅकेट चढवून बर्फात निघायचं नाही, कोरडा जोड पिशवीत असू द्या. पुढचा वर्ग दोन-तीन दिवसांनी ठेवा. रात्री डोकं जड वाटलं आणि लघवी गडद झाली, तर तो आणखी पुढे ढकला.