इंग्रजी शिकवायला शिकताना

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा प्रौढांना ती शिकवण्याचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवल्यावर अभ्यासक्रमांची संख्या पाहूनच मी गोंधळून गेले होते. आज कोणी सल्ला विचारला, तर त्या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवावे लागते, हे आधी पाहायला मी सांगते. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-अध्यापनाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमामध्ये किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यातले ६ तास मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना शिकवावे लागते. ट्रिनिटी या परीक्षा-संस्थेच्या सर्टटेसॉल या तशाच प्रमाणपत्रामध्येही ६ तासांचे सराव पाठ सक्तीचे आहेत. ज्या स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रांत हा भाग मुळीच नसतो, ती घेऊन वर्गात उभे राहण्याचे धाडस मला झाले नसते.

मी सेल्टा केले. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण चार ते पाच आठवड्यांत संपतो आणि त्या काळात दुसरे काहीही करता येत नाही; नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी अर्धवेळ पर्यायच निवडावा.

माझा एक सुरुवातीचा पाठ ‘प्रेझेंट परफेक्ट’वर होता. मी जवळजवळ पंधरा मिनिटे नियम समजावून सांगितले, फळा भरून टाकला आणि शेवटी ‘समजले का?’ असे विचारले. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात वाक्ये करायला सांगितल्यावर मात्र एकालाही ती जमेनात. पाठानंतरच्या चर्चेत मार्गदर्शकांनी मला तो प्रश्नच पूर्णपणे सोडून द्यायला सांगितले, कारण त्याला ‘हो’ म्हणण्यासाठी काहीही समजलेले असण्याची गरज नसते. त्याऐवजी ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ हे वाक्य घ्यावे आणि विचारावे: किल्ल्या आत्ता माझ्याजवळ आहेत का? त्या नेमक्या केव्हा हरवल्या, हे या वाक्यावरून कळते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले, की अर्थ पोहोचला आहे. असे प्रश्न इतके सोपे दिसतात, पण एकेका रचनेसाठी ते तयार करताना माझ्या रात्री गेल्या, आणि त्या प्रशिक्षणात मी शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, असे मला मनापासून वाटते.

मराठी माणसाने या वाटेने येताना स्वतःला कमी लेखू नये. आपण ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘हॅव सीन’ला ‘यस्टरडे’ जोडण्याची चूक मी अनेक वर्षे केली. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नसल्यामुळे तिथेही खूप अडखळले. पाठटाचणात विद्यार्थ्यांना येऊ शकणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय आधीच लिहावे लागतात. तो रकाना भरताना या जुन्या चुकाच माझ्या उपयोगी पडल्या. याउलट, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माझ्या सहाध्यायांना वाक्य चुकले आहे हे लगेच ऐकू येई. ते का चुकले, हे मात्र व्याकरणाच्या पुस्तकात शोधावे लागे.

चार लेखी स्वाध्यायही असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांचे. त्यांतला एकाच विद्यार्थ्याच्या भाषेचा बारकाईने अभ्यास करण्याचा स्वाध्याय मला सर्वांत आवडला. स्वाध्याय पहिल्या खेपेत मान्य झाला नाही, तर एकदा दुरुस्त करून देता येतो, त्यामुळे तो परत आला तरी खचून जाऊ नये.

प्रमाणपत्र हाती आल्यावर प्रौढांच्या खासगी भाषावर्गांची दारे उघडतात. लहान मुलांना शिकवण्याची पद्धत बरीच वेगळी आहे, आणि अनेक देशांत सरकारी शाळेतील नोकरीसाठी अध्यापनाची स्वतंत्र पदवी लागते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी, आपल्याला कोणत्या वयाच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे आहे, हे ठरवून घ्यावे.