अँड्रॉइड शिकतानाचे पहिले पंधरा दिवस

ज्यांना जावा किंवा वेबचे काम बऱ्यापैकी येते, त्यांनाही अँड्रॉइडकडे वळल्यावर पहिले काही दिवस आपण पुन्हा पाटीवर अक्षरे गिरवत आहोत, असे वाटते. याचा दोष बहुधा कोटलिन भाषेकडे जात नाही. या दिवसांत आपण अँड्रॉइड स्टुडिओची अवजारे, नवी भाषा आणि फोनच्या प्रणालीचे नियम या तिन्हींशी एकदम झगडत असतो आणि अडचण नेमकी कुठली आहे हेच कळत नाही. म्हणून एरर आली की ती दुरुस्त करण्याआधी ती या तिघांपैकी कोणाची आहे, हे ठरवावे.

अवजारांपासून सुरुवात करू. नवा प्रोजेक्ट प्रथमच उघडल्यावर ग्रेडल (कोडपासून ॲप बांधणारे अवजार) बरीच लायब्ररी उतरवून घेते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर याला चांगलाच वेळ लागतो. हे काम मधेच थांबवू नये. कुठलातरी जुना प्रोजेक्ट उतरवून घेण्यापेक्षा ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’चा नमुना निवडावा, तो एक अक्षरही न बदलता चालवून पाहावा आणि लगेच गिटमध्ये नोंदवावा, पुढे काही बिघडले तर परतायला जागा राहते. इंटरनेटवरचे उत्तर वाचताना आधी त्याची तारीख पाहावी. कोटलिनमध्येच स्क्रीन मांडण्याची आजची पद्धत म्हणजे जेटपॅक कंपोज. तिची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीचे धडे एक्सएमएलमध्ये स्क्रीन मांडायला शिकवतात. आणि २०२४ च्या कोटलिन २.० पासून कंपोजचा कंपायलर कोटलिनबरोबरच येत असल्याने, त्याची आवृत्ती वेगळी लिहा, हा पूर्वी बरोबर असलेला सल्ला आज उलट घोळ करतो.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर एम्युलेटरचा (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनचा) हट्ट धरू नये, स्वतःचा फोन वापरावा. सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात, त्यांत यूएसबी डीबगिंग सुरू करावे. जोडलेला फोन ‘अनऑथोराइज्ड’ दिसत असेल तर फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट वाट पाहत असते. फोन मुळीच दिसत नसेल तर केबल बदलून पाहावी. केवळ चार्जिंगच्या केबलपायी मी स्वतः अर्धा दिवस ड्रायव्हर शोधण्यात घालवला आहे.

ॲप बंद पडले की लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळींचा पूर येतो. तो वरपासून वाचत बसू नये. ‘फेटल एक्सेप्शन’ शोधावे, तिथून खाली जात शेवटचे ‘कॉज्ड बाय’ गाठावे आणि त्याखाली आपल्या पॅकेजचे नाव असलेली पहिली ओळ पाहावी. बहुतेक वेळा आपल्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक तिथेच मिळतो.

खरी गोची होते ती फोनच्या नियमांपाशी, कारण तिथे एररच येत नाही. बटण दाबले की आकडा एकने वाढतो, एवढेच करणारे ॲप लिहावे. आकडा सातवर न्यावा आणि फोन आडवा करावा (ऑटो रोटेट सुरू हवे): आकडा पुन्हा शून्य! कोड चुकलेला नसतो. स्क्रीन फिरली की अँड्रॉइड सर्वसाधारणपणे चालू ॲक्टिव्हिटी (स्क्रीन सांभाळणारा ॲपचा घटक) मोडून नवी उभारते, आणि कंपोजच्या ‘रिमेंबर’मध्ये ठेवलेली किंमत जुनीबरोबर जाते. तिथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ लिहून पुन्हा फोन फिरवावा. सात टिकून राहतो. यादीसारखी मोठी माहिती मात्र व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीन फिरली तरी टिकणाऱ्या वेगळ्या घटकात, ठेवावी. हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने करावा, असा माझा आग्रह आहे. कारण स्क्रीन आपल्या मालकीची नसून प्रणाली ती केव्हाही काढून घेऊ शकते, हे एकदा पटले की व्ह्यूमॉडेलचा सारा खटाटोप कशासाठी आहे, ते निराळे शिकवावे लागत नाही.

इंटरनेटवरून माहिती आणताना मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख प्रणालीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) इंटरनेटची परवानगी लिहावी आणि ते काम स्क्रीन चालवणाऱ्या मुख्य थ्रेडवर न करता कोरूटीनमधून, म्हणजे कोटलिनच्या त्यासाठीच्या सोयीतून, मागे चालवावे. आपल्याच संगणकावरील सर्व्हरला ‘लोकलहोस्ट’ म्हणून हाक मारली तर एम्युलेटर स्वतःकडेच पाहतो, तिथे १०.०.२.२ हा पत्ता द्यावा. एवढे करूनही नकार आला तर पत्ता ‘एचटीटीपी’चा आहे का, ते तपासावे. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे एपीआय २८ किंवा त्यापुढची पातळी लक्ष्य धरलेल्या ॲपमध्ये, अशी उघडी (कूटबद्ध न केलेली) वाहतूक मुळातच बंद असते. ती केवळ डीबग बिल्डपुरती (चाचणीच्या ॲपपुरती) आणि त्या एका पत्त्यापुरती नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या फाइलमधून खुली करावी.