लग्नाविना आईबाप होताय? आधी मृत्युपत्र करा

दवाखान्याची पिशवी, दुपटी, झबली यांची यादी कुणीही देईल. ही कागदपत्रांची आहे, तीही हिंदू कायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांसाठी. बाकीच्यांचे वारसा कायदे वेगळे, त्यांनी वकील गाठावा.

पहिलं काम, बापाचं मृत्युपत्र. हेच राहून जातं, आमचंही राहिलं होतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनौरस मुलाचं नातं आईशी धरतो, बापाशी नाही. बाप मृत्युपत्राविना गेला तर त्याचा फ्लॅट त्याच्या आईकडे जाईल, पोराकडे नाही. मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल तर त्या मालमत्तेतून फार तर पोटगी मागता येते. ‘नॉमिनी लावलाय की!’ असं म्हणू नका. नॉमिनी राखणदार असतो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. ‘इतकी वर्षं एकत्र राहतोय, कोर्ट लग्नच धरेल’ हेही नको. तसं गृहीत धरलं जाऊ शकतं, पण ते खोडताही येतं, आणि तुम्हीच फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहीत आला असाल तर बोलायलाच नको.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप नको, नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच. मुलाच्या आईला साक्षीदार करू नका. ‘माझी मुले’ असं मोघम न लिहिता मुलाचं आणि आईचं नाव घाला. बाळाचं नाव ठरल्यावर पुन्हा नवं करा. आळस करू नका.

जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखाना माहिती पाठवतो, पण नावं आणि स्पेलिंग तुम्हीच तपासा. बापाचं नाव लावायचं असेल तर त्याने हजर राहून सही करावी आणि मूल आपलं असल्याचं शपथपत्रही करून ठेवावं. विवाहित स्त्रीच्या मुलाचा बाप तिचा नवरा, असं कायदा धरून चालतो. इथे तसं कुणीच काही धरत नाही. आणि दाखल्यावर बापाचं नाव आलं म्हणजे वारसा मिळाला असं नाही. मृत्युपत्र ते मृत्युपत्रच.

पालकत्व आधी आईचं, तिच्यानंतर बापाचं. बापांना हे ऐकून धक्का बसतो, पण कायदा तसाच आहे. आईला बापाचं नाव उघड करायचं नसेल तरी ती एकटी पालक होण्यासाठी अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केलं. आपल्या पश्चात मुलाचा पालक कोण, हे आई मृत्युपत्रात लिहू शकते. म्हणजे मृत्युपत्रं दोन, एक त्याचं, एक तिचं.

पोटगी: मूल अनौरस असलं तरी बापाची सुटका नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ बघा. पासपोर्टला एका पालकाचं नाव चालतं. पॅनला एकल आईचं चालतं. उत्तराखंडात राहत असाल तर तिथला २०२५ पासूनचा समान नागरी कायदा निराळा, तो वेगळा वाचा.

साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा. आणि मृत्युपत्राची मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते जोडीदाराला सांगून ठेवा.