सरकारी इमारतीभोवतीचं आवार नव्याने आखताय? या चुका टाळा

सरकारी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेचा कायापालट करायचं ठरलं की सगळ्यात आधी संगणकावर रंगीत चित्र तयार होतं. कारंजं, गुळगुळीत फरशी, हिरवळीवर धावणारी मुलं. चित्रात ऊन कधीच नसतं आणि रांगही नसते. मग लोकांना बोलावून विचारलं जातं, "कसं वाटतंय?" चूक तिथेच होऊन गेलेली असते. इतकं नेटकं चित्र पाहिल्यावर लोक फुलांच्या रंगावर बोलतात. कारंजं हवंच कशाला, असं कुणी विचारत नाही. ते ठरलंय, असं सगळे धरून चालतात.

बैठक चित्राच्या आधी घ्या आणि जमल्यास आवारातच घ्या. टेबलावर कोरा नकाशा आणि दोन-तीन पेनं एवढं पुरे. "तुम्हाला इथे काय हवं?" हा प्रश्न मात्र जपून वापरा. त्यातून मागण्यांची अशी यादी निघते जी कुठल्याही जागेला चिकटवता येईल: बाग, चालायचा ट्रॅक, पार्किंग. त्यापेक्षा "मागच्या वेळी आलात तेव्हा कुठून शिरलात? किती वेळ थांबलात? टेकलात कुठे?" असं विचारा. मग ऐकायला मिळतं की नंबर लागेपर्यंत दोन तास उभं राहावं लागलं, लेकराला घेऊन पायरीवर बसल्यावर उठवलं गेलं, फाटकातून आत आल्यावर कुठल्या दाराने जायचं तेच कळेना. आराखडा यातून घडतो.

दुसरी चूक म्हणजे काय आधीच ठरलंय ते लपवणं. अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता, सुरक्षेसाठी सोडायचं अंतर, जमिनीखालून गेलेल्या वाहिन्या, हातातला निधी या गोष्टी मतांनी बदलत नाहीत. त्या पहिल्याच दिवशी सांगून टाका. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसतं 'मत घेणं' चौथ्या पायरीवर आहे, आणि तेही त्यांनी देखाव्याच्याच गटात टाकलंय. तुमची तयारी चौथ्या पायरीपुरतीच असेल तर तसं स्पष्ट सांगा. सातवीचं, म्हणजे निर्णयाचा अधिकार देण्याचं, आश्वासन देऊन तिसरीवर, म्हणजे नुसती माहिती देण्यावर, थांबलात की पुढच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या दिसतील.

खुर्च्या रिकाम्याच राहतायत? आधी बैठकीची वेळ तपासा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला बोलावलंत तर निवृत्त मंडळी आणि ठेकेदार येणार. ज्यांच्यासाठी आवार आहे ते त्या वेळी आत रांगेत उभे असतात, तेव्हा तुम्हीच रांगेपाशी जा. बैठकीत तेच चार-पाच जण बोलत असतील तर माइक बाजूला ठेवा, सहा-सहाचे गट करा, चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. सूचना कुठे गेल्या ते कळत नाही, अशी तक्रार येत असेल तर फाटकाशी एक तक्ता लावा: सूचना, निर्णय, कारण. 'नाही' असं लिहिलेलं लोक सोसतात, न लिहिलेलं सोसत नाहीत.

विचारण्याइतकंच पाहणं महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. शहरांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते टिपलं. निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. १९७५ मध्ये त्या शहराने आपले नियम बदलले आणि खासगी इमारतींसमोरच्या सार्वजनिक चौकांना दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बसायची जागा सक्तीची केली. हलवता येणाऱ्या खुर्च्यांबद्दलचं व्हाइट यांचं निरीक्षण मला फार आवडतं. माणूस खुर्ची दोन-चार इंच सरकवतो आणि मगच बसतो, सरकवण्याची काही गरज नसली तरी.

मीही एका कार्यालयासमोर सकाळभर वही घेऊन बसलो होतो. बाक होते सहा, सगळे उन्हात, सगळे रिकामे. माणसं मात्र झाडाच्या कुंडीच्या कडेवर दाटीवाटीने टेकलेली, कारण सावली तिथे होती आणि तिथून आतला पुकारा ऐकू येत होता. बाक वाढवून काही झालं नसतं. त्यांची जागा बदलायला हवी होती. वीतभर रुंदीच्या त्या कडेवर एक आजी फाइल मांडीवर घेऊन तिरकी बसली होती. कडा दीड फूट उंच आणि तेवढीच रुंद बांधली असती तर तिचाच कट्टा झाला असता.

हिरवळीतून तिरकी पायवाट पडली असेल तर तिथे तार ओढू नका. लोक तार वाकवतात. त्या रेषेवरच फरशी घाला. शंभर जणांनी चालून काढून दिलेला नकाशा आहे तो, तोही फुकट.

पायऱ्यांची चूक नंतर निस्तरणं सगळ्यात अवघड. अमेरिकेतल्या बोस्टनच्या नगरभवनासमोरचा विटांचा चौक १९६० च्या दशकातला. ओसाड आणि पायऱ्यांनी तुटलेला म्हणून तो अनेक दशकं टीकेचा धनी राहिला. २०२२ मध्ये तो नव्या रूपात खुला झाला, तेव्हा दोनशेहून अधिक झाडं, खेळायची जागा आणि पायरी न चढता पार करता येईल असा उताराचा रस्ता आला. तुमच्याकडे जेमतेम तीन पायऱ्या असतील. तरीही हिशोब करा: १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. १:१२ चा उतार (एक फूट चढायला बारा फूट लांबी) धरला तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, वर-खाली वळायची सपाट जागा वेगळी. शेवटी आठवण झाली की तो इमारतीच्या मागे, कचराकुंडीशेजारी जातो.

जुनी झाडं 'वाचवली' जातात आणि तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळतात. मुळांचा बहुतेक पसारा वरच्या दोन फूट मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत असतो. त्यावर भराव टाकला, रोलर फिरवला, बुंध्यापर्यंत फरशी भिडवली की मुळांना हवा मिळत नाही. शेंडा वाळताना दिसला तर भराव हातानेच, हलक्या अवजारांनी काढा, फरशी मागे सरकवा आणि पालापाचोळ्याचा थर द्या; तो बुंध्याला मात्र टेकू देऊ नका. काम चालू असताना घेराबाहेर कुंपण घातलं असतंत तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. खडीचा ढीग नेमका झाडाखालीच का टाकतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

दिव्यांचं थोडक्यात: उंच खांबांच्या झगझगाटापेक्षा पायवाटेलगतचा सारखा उजेड बरा.

उरली देखभाल. उद्घाटनाआधी एका कागदावर लिहून काढा: झाडांना पाणी कोण घालणार, निखळलेली फरशी किती दिवसांत बसवणार, चेंबर कोण उपसणार आणि पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हची चावी कुणाच्या खिशात असणार. ती चावी ठेकेदाराबरोबर निघून गेल्याचं मी दोनदा पाहिलंय.